धावत आलेली ताई

आमच्या शाळेत तिसरी आणि चौथीच्या मध्ये भिंत नाही, प्लायवूडचं पार्टिशन आहे. भिंतीला कान असतात म्हणे. या पार्टिशनला तोंडही होतं. इकडे मी चौथीला भागाकार समजावत असायचे आणि पलीकडून तिसरीच्या बाई ओरडायच्या, "मजा आली खोडा!" की माझी पोरं भागाकार सोडून खिदळायला लागायची. मी डस्टर पार्टिशनवर आपटायचे. पलीकडून तेवढ्याच जोरात डस्टर आपटला जायचा. आमची ओळख अशी झाली आणि पुढची वीसेक वर्षं ती साधारण तशीच राहिली.

'मजा आली' हे दोन शब्द बाईंचे जन्माचे वैरी. तिसरीतल्या कुठल्याही पोराला 'तुझ्या बाबतीत घडलेली एक गोष्ट लिही' म्हणा, तो लिहिणार: मी मामाकडे गेलो. आम्ही जेवलो. आम्ही खेळलो. मला खूप मजा आली. बाई वही हातात घेऊन विचारायच्या, "हे तर तुझ्या शेजारच्यानंही लिहिलंय. यात तू कुठं आहेस?" पोरगं बिचारं खरंच वहीत वाकून स्वतःला शोधायला लागायचं. मग बाई म्हणायच्या, "अख्खी सुट्टी नको रे बाबा मला. सुट्टीतलं एक भांडण आण."

आणि पोरं आणायची. कुणाचा दात बेसिनमध्ये पडून वाहून गेला, कुणी आजोबांची कवळी घालून बघितली, कुणी बहिणीचे केस कापून कपाटामागे टाकले. मी गणिताची बाई. मला या लिहिण्याबिहिण्याचं कधी फार कौतुक नव्हतं, आजही नाही. पण खोटं कशाला बोलू, कवळीच्या गोष्टीच्या वेळी मी माझ्या वर्गाला पाढे लिहायला लावले आणि पार्टिशनला कान लावून उभी राहिले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पहिल्या दिवशी लिहायचंच नाही. कागदाला घड्या घालून चार चौकोन करायचे: आधी, तेवढ्यात, मग, शेवटी. प्रत्येक चौकोनात एक चित्र. माणसं काड्यांची चालतील, पण 'तेवढ्यात'चा चौकोन रिकामा नको. तो रिकामा राहिला तर बाई म्हणायच्या, "ही गोष्ट नाही, ही हजेरी झाली." यावरून पोरांनी त्यांचं नाव तेवढ्यातबाई पाडलं. नाव बाईंना माहीत होतं आणि मला वाटतं आवडतही होतं. चित्रं झाली की ती गोष्ट जोडीदाराला तोंडी सांगायची. जोडीदाराने मध्ये मध्ये विचारायचं, "तेव्हा तुझ्या पोटात काय झालं?" मग लिहायचं. आणि सगळ्यात शेवटी कात्रीचा दिवस. त्या दिवशी पोरं आपलंच लिहिलेलं वाक्यावाक्याला कापून पट्ट्या करायची, पट्ट्या मागेपुढे लावून बघायची, नको त्या फेकायची, आणि डिंकाने चिकटवायची. तिसरीचा वर्ग त्या दिवशी शिंप्याच्या दुकानासारखा दिसायचा. शाळेचे शिपाईकाका झाडू घेऊन दारात उभे राहायचे आणि बाईंच्या नावाने बोटं मोडायचे.

एक नियम मात्र सगळ्यांवरचा होता. गोष्टीत दुसरं कुणी माणूस असेल, तर ती घरी नेऊन त्या माणसाला वाचून दाखवायची आणि विचारायचं, 'असंच झालं होतं का?' या नियमापायी कमी रामायण झालं नाही. एका मुलाने लिहिलं, बाबांनी गाडी खांबावर घातली. घरी वाचून दाखवलं तर बाबा म्हणाले, गाडी आई चालवत होती. आई म्हणाली, मी त्या दिवशी गाडीत नव्हतेच. दुसऱ्या दिवशी तिघंही मुख्याध्यापकांच्या खोलीत हजर. मुख्याध्यापकांनी कपाळावर हात मारला. बाई शांतपणे म्हणाल्या, "बघा, तिसरीतल्या पोरालाच तेवढं खरं आठवतंय."

दर वर्षी पहिली गोष्ट बाई स्वतःची सांगायच्या. फळ्यावर लिहायच्या आणि पोरांना म्हणायच्या, "आता मला दुरुस्त करा." दर वर्षी तीच गोष्ट. मला ती पाठ झाली होती. बाई पाच-सहा वर्षांच्या होत्या आणि त्यांची ताई दहा-अकराची. आईने दोघींना मावशीकडे जायला बसस्टँडवर आणून सोडलं. ताई बसमध्ये चढली. छोटी खालीच राहिली, कारण तिला स्टँडवर एक मांजर दिसलं. तेवढ्यात बस सुटली.

मी नवीन होते तेव्हा पार्टिशनमधून ऐकलेली गोष्ट अशी संपायची: मी रडले. एका काकांनी मला स्टुलावर बसवलं. मग ताई आली. एवढंच. पण आठ वर्षांचं पोर म्हणजे पोलिसापेक्षा वाईट. "बाई, ताई कशी आली?" बाई म्हणाल्या, "धावत आली असेल." "असेल नाही बाई, नक्की सांगा." मग ताई धावत आली. पुढच्या वर्षीच्या पोरांनी विचारलं, बस कुणी थांबवली? ताईने ड्रायव्हरला ओरडून थांबवली. त्याच्या पुढच्या वर्षी कुणीतरी चपलेचं विचारलं, आणि धावताना ताईची एक चप्पल रस्त्यात राहिली. एका वर्षी एका हुशार मुलीने शंका काढली, "ताई लगेच धावत आली, तर तुम्ही स्टुलावर बसलात कधी?" बाई जरा थबकल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे गं. स्टूल खोडा." स्टूल गेलं, काका गेले. पुढे ताईने छोटीला उचललं, घट्ट धरलं, आणि 'पुन्हा कधी तुला सोडून जाणार नाही' असं म्हटलं. हे शेवटचं वाक्य कुठल्या वर्षीच्या पोरांनी घातलं ते मला सांगता येणार नाही. पण ते म्हणताना बाईंचा आवाज दर वर्षी थोडा खाली यायचा.

गोष्ट सुंदर झाली होती, यात वाद नाही. मी एवढंच म्हणते की ती शिवून शिवून इतकी सुंदर झाली की मूळ कापड किती उरलं होतं देव जाणे.

बाई एकट्या राहायच्या. दोन खोल्या, पुढे एक अरुंद गॅलरी. लग्न केलं नाही; का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आई होती तोवर आईचं करण्यात दिवस जायचा. आईचं शेवटचं दुखणं बाईंनी एकटीनं काढलं. ताईला फोनवर फोन केले. ताई दूरच्या शहरात, मुलाकडे. आज येते, उद्या येते करत सगळं आटोपल्यावर आली, आणि आल्या पावली गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं म्हणजे वाढदिवसाला एक फोन, तोही तब्येत आणि हवामान.

मी कधी त्यांच्याकडे गेले तर त्या दार उघडायच्या आधीच बोलायला लागायच्या. दिवसभर घरात बोलायला कुणी नसलं की माणसाचं असं होतं. माझं घर म्हणजे बाजार. सासूबाई, दोन मुलं, नवरा, नवऱ्याचा भाचा. मला पाच मिनिटं शांतता मिळाली तर मी लॉटरी लागल्यासारखी आनंदते. एकदा मी त्यांना म्हटलंही, "बाई, किती नशीबवान तुम्ही, घरात एक आवाज नाही." त्या म्हणाल्या, "शाळा सुटल्यावर जिना चढताना मी मुद्दाम पाय आपटते. तेवढाच आवाज." मी जीभ चावली.

मग बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं; वर्षअखेरीला त्या निवृत्त होणार होत्या. त्यांना त्याची धास्ती होती, आणि ती त्यांनी लपवली नाही. "पोरं आहेत तोवर ठीक आहे हो," त्या म्हणाल्या, "पण नंतर घर खायला उठेल." मग एके दिवशी मधल्या सुट्टीत त्या माझ्या वर्गात आल्या. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं निवृत्ती पुढे ढकलली. "मी ताईला बोलावलंय," म्हणाल्या. "कायमचं. तिचंही तिकडे सुनेशी फार पटत नाही. दोघी राहू. ती म्हणाली, आठवडाभर येऊन बघते आणि मग सांगते."

मी फटकळ आहे. मी म्हटलं, "आईच्या वेळी न आलेली बहीण तुमच्याकडे राहायला येईल?"

"माणूस एकदा चुकतं," बाई म्हणाल्या. "ती मुळात तशी नाही. लहानपणी माझ्यासाठी चालती बस थांबवली तिने."

माझ्या तोंडाशी आलं होतं, अहो, ती बस पोरांनी थांबवली. पण त्या इतक्या खूश होत्या की मी मूग गिळून बसले. पुढचे काही दिवस बाई घर लावत होत्या. आतली खोली ताईला दिली. ताईला उजेड लागतो म्हणून पडदे बदलले. कपाटाचा अर्धा भाग मोकळा केला. शाळेत रोज मला नवी बातमी: आज उशी आणली, आज जास्तीचा कप आणला. साठीला टेकलेली बाई, पण लग्नघरातल्या पोरीसारखी लगबग. त्यांचा जीव या एका गोष्टीत अडकला होता: ताई राहील की नाही.

त्या वर्षीच्या तिसरीत एक मुलगी होती. उलटतपासणी घ्यायची सवय, म्हणून सगळे तिला वकील म्हणायचे. बाईंनी शेवटच्या वर्षीही फळ्यावर आपली गोष्ट लिहिली. कुणी म्हणालं, चपलेचा रंग घाला. कुणी म्हणालं, मांजराचं पुढे काय झालं? वकील उभी राहिली. पार्टिशनमधून मला तिचा बारीक आवाज स्वच्छ ऐकू आला. "बाई, तुम्ही तुमच्या ताईला विचारलं का, असंच झालं होतं का?"

मग बाई म्हणाल्या, "नाही गं. राहूनच गेलं."

"मग तुमची गोष्ट पक्की नाही," वकिलाने निकाल दिला. "आम्हाला तर तुम्ही घरी पाठवता."

दुसरं कुणी असतं तर 'बस खाली' म्हणालं असतं. मी तर नक्कीच म्हटलं असतं. बाई हसल्या. "बरोबर आहे तुझं. ताई येत्या आठवड्यात येतेच आहे. तिला वर्गातच आणते, तुम्हीच विचारा." त्यांना भीती कसली वाटणार? त्यांच्या मनात ताई धावतच येत होती.

ताई आल्या. उंच, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. चष्म्याच्या दोऱ्याशी सारखा चाळा. बाई त्यांना शाळाभर मिरवत होत्या. "ही माझी ताई," शिपाईकाकांना, स्वयंपाकाच्या मावशींना, मुख्याध्यापकांना, सगळ्यांना. मग तिसरीत खुर्ची मांडली. मला म्हणाल्या, "तुम्ही पण या ना, मध्ये डस्टर आपटण्यापेक्षा." मी चौथीला गणितं घालून दिली आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

पोरांनी फळ्यावरची गोष्ट एका सुरात वाचली. ताई ऐकत होत्या. बस सुटली तिथे त्यांचा चाळा थांबला. ताईने ड्रायव्हरला ओरडून बस थांबवली, ताई धावली, चप्पल राहिली, ताईने छोटीला उचललं. पोरं वाचत गेली आणि ताईंची मान खाली खाली गेली. 'पुन्हा कधी तुला सोडून जाणार नाही,' पोरांनी ठणकावून वाचलं आणि सगळी ताईंकडे वळली.

वकील उठली. "असंच झालं होतं का?"

ताईंनी बाईंकडे पाहिलं. बाई हसत होत्या, मान हलवत होत्या, सांग ना, सांग.

आता, मोठ्या माणसाने अशा वेळी काय करावं? 'हो' म्हणावं आणि मोकळं व्हावं. मी तेच केलं असतं. एक अक्षर, सगळ्यांचं भलं. पण समोर वकील उभी होती, आणि मला वाटतं ताईंना पन्नास वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"नाही," ताई म्हणाल्या. "मी आलेच नव्हते."

ताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बस सुटली तेव्हा मला मागच्या काचेतून ही दिसत होती. मी ओरडले नाही. मला रोज हिला घेऊन फिरायला लागायचं. शाळेत, दुकानात, खेळायला. मला वाटलं, आज एकटीनं जाऊ." त्या शांतपणे, पोरांनाच सांगत होत्या. "मावशीनं विचारलं, छोटी कुठंय? मी म्हटलं, तिला ताप आहे. आणि मी तिथे जेवले, खेळले."

"मग बाईंना कुणी आणलं?" वकिलाने विचारलं.

उत्तर बाईंनी दिलं. खूप हळू. "तिकीटखिडकीच्या काकांनी. त्यांनी मला त्यांच्या स्टुलावर बसवलं होतं. खिडकी बंद होईपर्यंत." त्या भिंतीकडे बघत होत्या. "उंच होतं ते. माझे पाय खाली पोचत नव्हते."

मागच्या बाकावरचा एक मुलगा कुजबुजला, "बाई, आधीचीच छान होती."

"पण ती खरी नाही ना," वकील त्याला म्हणाली. मग बाईंकडे वळून, जरा घाबरून, "खोडायची का?"

"खोडायची," बाई म्हणाल्या. स्वतःच डस्टर घेतला आणि फळा वरपासून खालपर्यंत पुसला. अर्धवट नाही, नीट, कोपऱ्यांसकट. मग पोरांना म्हणाल्या, "चला, आपापले कागद काढा." आणि त्यांनी तास पूर्ण केला. मी अशी काही बाईंची भक्त नाही, पण त्या दिवशी मी दारात उभी राहून रडले, आणि माझा वर्ग पार्टिशनपलीकडे धुमाकूळ घालत होता तो घालू दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाव, सूप असं काहीबाही घेऊन त्यांच्या घरी गेले. जायला नको होतं, पण राहवलं नाही. ताई बॅग भरत होत्या. आठवड्यातले अजून बरेच दिवस शिल्लक होते. बाई आतल्या खोलीच्या दारात उभ्या.

"राहा की," बाई म्हणाल्या. "मला राग आलाय, खोटं नाही बोलत. पण राग जाईल. राहा."

"तुझा राग जाईल गं," ताई म्हणाल्या. "पण तू बोलावलं होतंस कुणाला? मला नव्हतं बोलावलंस. त्या फळ्यावरच्या ताईला बोलावलंस. ती मला नाही जमायची, छोटे. आईच्या वेळीही नाही जमली. मी काचेतून बघतच राहिले."

"मला नको ती. तू राहा."

"आज म्हणतेस. रोज सकाळी चहा देताना माझ्या तोंडाकडे बघशील आणि तिला शोधशील." ताईंनी बॅगेची चेन ओढली. "मुलाच्या घरी मी कुणाला आवडत नाही, हे खरं आहे. पण तिथे माझ्याकडून कुणाची काही अपेक्षाही नाही. ते सोपं जातं मला."

बाईंनी पुढे आग्रह केला नाही. सकाळी ताईंचा मुलगा गाडी घेऊन आला आणि ताई गेल्या.

वर्ष संपलं. शाळेने निरोप समारंभ केला, भाषणं झाली, मुख्याध्यापकांनी बाईंच्या सेवेची वर्षं चुकीची सांगितली. समारंभानंतर मी त्यांना घरी सोडायला गेले. गॅलरीत बसलो. खाली रस्त्यावर पोरं सायकली फिरवत होती, आमच्या शाळेची नव्हती. मला गप्प बसवत नाही, म्हणून मी म्हटलं, "ताईंना फोन करा ना. एकदा गेल्या म्हणून काय झालं? पुन्हा बोलवा."

"करते की," बाई म्हणाल्या. "आता तर दर रविवारी करते. चांगलं बोलतो आम्ही. पूर्वीपेक्षा खरं बोलतो. ती यायची नाही, आणि मला तिचा रागही नाही."

"मग एवढं कसलं वाईट वाटतंय?"

कुणीतरी खाली घंटी वाजवत गेलं.

"दर वर्षी वर्गभर पोरं तिला धावत परत आणायची हो," त्या म्हणाल्या. "मी नुसती फळ्याजवळ उभी राहायचे. ती यायचीच. आता तिला कुणी आणणार नाही, आणि मला ते तिकीटखिडकीचे काका उठवत नाहीत तोवर इथंच बसायचंय."

घरी सासूबाई जेवायच्या थांबल्या असतील, नवऱ्याचा फोन येऊन गेला होता. मी उठले नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आणि मला सगळा वेळ हेच कळत होतं की थोड्या वेळाने मलाही जावं लागणार आहे.